नदीची तिसरी रेघ

मला मठात धाडलं ते माझ्या बायकोनं, सुमिएनं, आणि तेही वैतागून.

चाळीस वर्षं मी मात्सुए गावात मुलांना कुंचल्यानं अक्षरं लिहायला शिकवलं. घराला लागूनच वर्ग होता. सत्तरी गाठली तेव्हा तीन मुलं उरली होती, मग एकच मुलगी, मग तीही वडिलांच्या बदलीबरोबर गेली. मुलं गेली तरी दुरुस्त्या करायचा लाल कुंचला काही माझ्या हातातून जाईना. वाण्याच्या दारातली मुळ्याची पाटी मी मनातल्या मनात सुधारायचो. मेहुण्याचं नववर्षाचं कार्ड आलं की त्यावर खरोखरच्या लाल खुणा करायचो. शेवटी एके दिवशी सुमिएनं फ्रिजवर लावलेल्या यादीत मी ‘टोफू’च्या दुसऱ्या अक्षराभोवती लाल गोल काढला.

“अहो,” ती म्हणाली, “पंचेचाळीस वर्षं मी हे असंच लिहितेय आणि पंचेचाळीस वर्षं तुम्ही टोफू खाताय. आता जा कुठंतरी. तो नोझूंचा मुलगा दर गुरुवारी मठात लोकांना लिहायला बसवतो म्हणे. तिथं जा.”

“नोझू? त्याला मी शिकवलंय. त्याची रेघ म्हणजे ओली दोरी.”

“मग बघून या, वाळली का ते.”

नोझू आता नोझू राहिला नव्हता. डोकं भादरून तो ताइगेन झाला होता आणि वडिलांच्या मागे तळ्याकाठचा तो लहानसा झेन मठ सांभाळत होता. चाळिशीचा, जाडसर, हसरा. मला बघून त्यानं इतकं वाकून नमस्कार केला की मला उगाच बरं वाटलं.

सात-आठ माणसं होती. आधी अर्धा तास नुसतं बसायचं, श्वासाकडे लक्ष देत. मग शाईची कांडी शिळेवर उगाळायची. मग एक कागद, एक रेघ. बोलायचं नाही. लाल शाई मठात नव्हतीच.

“काय लिहायचं?” मी विचारलं.

“एक.”

“एक काय?”

“आकडा, गुरुजी. एक. आडवी रेघ. तुम्हीच शिकवलीत मला.”

मी काढली. फुशारकी म्हणून नाही सांगत, पण त्या गावात तशी रेघ दुसऱ्या कुणाला काढता आली नसती. ताइगेन बराच वेळ बघत राहिला.

“छान आहे.”

“पण?”

“पण काही नाही.”

“अरे बोल की. मी तुला काय कमी बोललोय?”

तो हसला. “ही रेघ कुणीतरी बघणार म्हणून काढलीय, गुरुजी. इथं कुणी बघत नाही.”

मी चिडून घरी आलो आणि पुढच्या गुरुवारी परत गेलो. का गेलो ते खरं सांगायचं तर इतायामुळे. इताया माझ्या शेजारी बसायचा. जन्मभर तळ्यात लांब दांड्याच्या फावड्यानं शिंपल्या काढणारा माणूस. बोटं सुजलेली, कुंचला धरायची पद्धत भयंकर. त्याची रेघ मध्येच जाड व्हायची, मध्येच अडखळायची. माझ्या वर्गात असता तर मी त्याचा कागद लालेलाल केला असता. पण त्या रेघेकडे माझी नजर परत परत जायची, आणि माझ्या स्वतःच्या रेघेकडे जायची नाही. हे मला सहन होत नव्हतं.

असे दोन-तीन महिने गेले. शाई उगाळत असताना माझं मन पुढच्या रेघेवर असायचं, रेघ काढताना ती कशी दिसेल यावर. ताइगेन काही शिकवत नव्हता. एकदाच जवळून जाताना म्हणाला, “शाई उगाळताना शाईच उगाळा.” मी मनात म्हटलं, शहाणाच आहेस. पण एका सकाळी काय झालं कुणास ठाऊक, मला कांडीचा आवाज ऐकू आला. शिळेवर ती आधी खरखरत होती, आणि शाई दाट होत गेली तसा तो आवाज मऊ होत गेला. साठ वर्षं मी शाई उगाळली होती. हा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी रेघ कशी आली ते आता आठवत नाही, पण घरी जाताना तळ्याच्या काठानं मी सावकाश चालत गेलो.

मग ऑक्टोबरातला तो गुरुवार आला. मी रेघ ओढली. अर्ध्यावर कुंचल्यातली शाई संपत आली आणि पुढची रेघ कोरडी उमटली, काळ्यात पांढऱ्या चिरा पडल्यासारखी. माझा हात थांबला नाही. मी श्वास सोडला, कुंचला उचलला. आणि मग काय करतोय ते कळायच्या आत माझा हात शाईकडे गेला, कुंचल्याचं टोक बुडवलं आणि त्या पांढऱ्या चिरा भरू लागला.

मनगटावर कुणाचा तरी तळवा आला. ताइगेन होता.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “ती झाली होती.”

बाकीचे मान खाली घालून आपापलं लिहीत होते. कुंचला माझ्या हातातून गळून कागदावर पडला. लोक गेल्यावरही मी तिथंच बसून राहिलो. ताइगेननं चहा आणला आणि समोर बसला. मग मी त्याला ते सांगितलं, जे तीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी चिसातो तेव्हा अकरा वर्षांची होती. सहावीत. नववर्षाच्या लेखनस्पर्धेसाठी मुलांनी लांब कागदावर ‘वसंतातली नदी’ लिहायचं होतं. नदीचं अक्षर सगळ्यात शेवटी, तळाशी येतं. तीन उभ्या रेघा, तिसरी सगळ्यात लांब. चिसातोनं डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी वर्गात सगळ्या मुलांबरोबर बसून ते लिहिलं. तिसऱ्या रेघेच्या अर्ध्यावर तिची शाई संपली. ती थांबली नाही, परत बुडवायला गेली नाही. रेघ खालपर्यंत कोरडीच गेली, पांढऱ्या चिरांसकट.

मी ती बघितली आणि माझ्या डोळ्यांना फक्त परीक्षक दिसले. शाई पुरली नाही, तयारी कमी पडली, असं म्हणणारे. बाकीची अक्षरं पोरीनं इतकी देखणी काढली होती की मला हळहळ वाटली. पुन्हा लिही म्हटलं असतं तर तिनं लिहिलं असतं, पण तसं परत जमलं असतं की नाही कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत असताना मी त्याच कांडीची शाई तेवढीच दाट उगाळली, सगळ्यात बारीक कुंचला घेतला आणि त्या चिरा एकेक करून बुजवल्या. एकदा काढलेल्या रेघेला पुन्हा हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. मीच शेकडो मुलांना तो दिला होता.

तिला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनात कागद भिंतीवर लावला होता. चिसातो समोर उभी राहिली, मग जवळ गेली, खाली वाकून तिसऱ्या रेघेकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

“बाबा, हे कुणी लिहिलं?”

आजूबाजूला पालक होते, परीक्षक होते. मी म्हणालो, “तूच. नाव तुझंच आहे ना त्यावर?”

ती स्टेजवर गेली, वाकून नमस्कार केला, बक्षीस घेतलं. पुढच्या रविवारी ती वर्गात आली नाही. तिनं आपले कुंचले धुतले, वाळवले, बांबूच्या चटईत गुंडाळले आणि माझ्यासमोर आणून ठेवले. मला वाटलं, वयात येणाऱ्या पोरींचं असतं असं, होईल नीट. तिनं परत कधीच कुंचला धरला नाही. आणि मी? मी तो कागद कापडावर चढवून घेतला आणि वर्गाच्या भिंतीवर लावला.

एवढं सांगून मी थांबलो. ताइगेनचा चहा निवला होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मी त्या रविवारी वर्गात होतो.”

मी वर बघितलं.

“चिसातोनं मला बोलावून दाखवलं होतं. म्हणाली, बघ, पाणी दिसतंय. आम्ही चार-पाच जण बघत होतो. खरंच दिसत होतं. मग तुम्ही ते भिंतीवर लावलंत. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“तुम्हाला? आम्ही दहा वर्षांचे होतो, गुरुजी.”

म्हणजे दर रविवारी मी त्या कागदाकडे बोट दाखवून माझ्या मुलीचं कौतुक सांगत होतो, आणि समोर बसलेली पोरं गप्प राहून ऐकत होती. ताइगेननं मला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. मला वाटतं, तेवढं तरी त्याला ध्यानाला बसून बसून जमलं होतं.

घरी आलो आणि सुमिएला म्हणालो, “मला तुला काही सांगायचंय. चिसातोच्या त्या कागदाचं.”

ती मुळा किसत होती. किसणी खाली ठेवली नाही. “रेघ भरल्याचं ना?”

“तुला कसं माहीत?”

“त्या दिवशी तुमचा बारीक कुंचला मोरीत पडला होता. तो तुम्ही वर्षातून दोनदा काढता. मीच धुतला.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं किसणी ठेवली. “बोलायला हवं होतं. मला वाटलं, लेखनातलं मला काय कळतंय. पण पोरीला काय वाटलं असेल? तिला वाटलं असेल, आईलाही ती रेघ वाईटच वाटली.” मग बराच वेळ ती पुसायचं काही नसताना ओटा पुसत राहिली.

चिसातो कानाझावात राहते. लग्न केलं नाही. शहराची बस चालवते, पंधरा वर्षं झाली. आईशी तिचं दर आठवड्याला बोलणं होतं, माझ्याशी “कसे आहात” एवढंच.

“सुट्टीच्या दिवशी येतो म्हणून सांग तिला,” मी म्हणालो.

“सुट्टीच्या दिवशी ती तुम्हाला भेटायची नाही. काही ना काही काम काढेल.” सुमिएनं विचार केला. “गाडीवर असताना जा. डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला जाणारी बस असते तिची, दुपारची. शेवटच्या थांब्यावर पंधरा मिनिटं थांबते. आणि उतारूला काही ती बसमधून हाकलू शकत नाही.”

नोव्हेंबरात मी दोनदा गाडी बदलून कानाझावाला गेलो. चिसातोच्या त्या कागदाची गुंडाळी भिंतीवरून काढून, कापडात बांधून बरोबर घेतली होती. शहरात बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना दोर बांधायचं काम चाललं होतं. स्टेशनसमोर बस लागली. मागच्या दारानं चढलो. समोर चालकाच्या नावाची पाटी: होझुमी. माझंच आडनाव. तिनं आरशात मला पाहिलं, मान किंचित लवली, आणि बस सुरू केली.

तासाभराचा रस्ता. मी मागे बसून तिच्या टोपीकडे आणि पांढऱ्या हातमोज्यांकडे बघत होतो. वळणावर ती कधी घाई करत नव्हती. एक म्हातारी उतरायला उठली तर ती पायरी उतरून फुटपाथवर नीट उभी राहीपर्यंत चिसातो मान वळवून बघत राहिली, मगच दार लावलं. मला वाटलं, हिला कुणी हे शिकवलं असेल? मी तर नाही.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तिनं इंजिन बंद केलं आणि मागे येऊन माझ्या पुढच्या बाकावर आडवी बसली.

“आजारी आहात का, बाबा? आई फोनवर नीट काही बोललीच नाही.”

“नाही. बरा आहे.”

“मग काय झालं?”

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. “ती शेवटची रेघ मी भरली होती,” मी म्हणालो. “तू शाळेत असताना.”

तिनं एक हातमोजा काढला, मग दुसरा. “हे सांगायला आलात? मात्सुएहून?”

“हो.”

“मला काय दिसत नव्हतं का, बाबा? मी तुम्हाला तिथंच विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

“तुम्ही म्हणालात, नाव तुझंच आहे.” ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. “सगळ्यांना वाटतं मी रागावून सोडलं. आईलाही तसंच वाटतं. मला राग नव्हता आला. ती रेघ खाली गेली ना, तेव्हा मला इतकं मस्त वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की हे मला येतंय. आणि तुम्ही तेवढीच बुजवलीत, बाकी कशाला हात लावला नाहीत. मला वाटलं, म्हणजे मला यातलं काही कळतच नाही. जे सगळ्यात आवडलं तेच चुकीचं. मग पुढं प्रत्येक रेघ काढली की तुमच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, बरी आहे की वाईट म्हणून. त्यापेक्षा ठेवून दिला कुंचला.”

“ती रेघ चांगली होती,” मी म्हणालो. “मला स्वतःला तशी कधी आली नाही.”

“हे तेव्हा सांगायचं होतंत.”

तिच्या बोलण्यात काटा नव्हता. बस नुकतीच निघून गेलीय असं एखाद्या उतारूला सांगावं तसं ती म्हणाली.

मी गुंडाळी सोडली. तिनं दोन बाकांमध्ये उभं राहून ती उलगडली, खालचं टोक गुडघ्याशी धरलं. बराच वेळ बघितलं, आणि मग चक्क हसली.

“भरलीय मात्र सफाईनं. कुठं तुमचा हात सुरू होतो ते मलाही आता शोधावं लागतंय.”

“तुझ्यासाठी आणलीय. तुला वाटेल ते कर. जाळ हवं तर.”

“मी कशाला जाळू? मला नको आहे ती.” तिनं परत गुंडाळायला घेतली. “बाबा, तुम्हाला माहितेय मी घरी येणं का कमी केलं? दर वेळी हे भिंतीवर. आणि एखादा नवा मुलगा आला की तुम्ही माझ्यासमोर त्याला सांगायचात, ही माझी मुलगी, हिनं अकराव्या वर्षी हे लिहिलं. तो माझ्याकडे असा बघायचा. मी काय म्हणायचं होतं त्याला?”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. रेघेचं मी निदान मनात कुठंतरी झाकून ठेवलं होतं. हे तर मी राजरोस करत आलो होतो, प्रेमानं.

“परत लिहिशील कधी?” मी विचारलं. “तिथं मठात कुणी बघत नाही. तो नोझू आहे ना, तो…”

“नाही.”

“लगेच नाही म्हणू नकोस.”

“लगेच कुठं? तीस वर्षं झाली.” तिनं गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली. “मला खरंच नकोय, बाबा. हट्ट नाही. मला गाडी चालवायला आवडतं. इथं चांगलं चाललंय की वाईट ते माझं मला कळतं.”

घड्याळ बघून तिनं हातमोजे चढवले. “तुम्ही याच बसनं परत चला. सहानंतर गाडी नाही.”

परतीच्या वाटेवर शाळेची मुलं चढली, उतरली. स्टेशनवर मी पुढच्या दारानं उतरायला गेलो. तिथं सगळेच उतारू चालकाला म्हणतात तसं मी म्हणालो, “आभारी आहे.” आणि सगळ्यांना म्हणते तसंच ती म्हणाली, “आभारी आहे. पायरी जपून.” माझ्या मागे रांग होती.

मात्सुएला परतल्यावर मी स्पर्धेच्या मंडळाला पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं अतिशय सभ्य उत्तर आलं, की एवढ्या जुन्या नोंदी आता ठेवलेल्या नाहीत, आपल्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो. ते वाचून मला लाज वाटली. कागद भिंतीवरून काढलाच होता. तो मी कपाटात ठेवला. दुसरं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. भरलेली शाई काढता येत नाही.

गुरुवारी मठात जातो. रेघ कधी बरी येते, कधी नाही. कोरडी पडली तर तशीच राहू देतो, कुंचला खाली ठेवतो आणि हात मांडीखाली दाबून बसतो, कारण तो अजून शाईकडे जातो.

नववर्षाला चिसातो आली नाही. फेब्रुवारीत आली, दोन दिवस. आईबरोबर स्वयंपाकघरात खूप बोलली, हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालून शेगडीची ऊब देणाऱ्या बुटक्या मेजाशी संत्री सोलत एकटी बसलेली दिसली आणि मी समोर जाऊन बसलो. मला पुष्कळ बोलायचं होतं. ती एक्केचाळीस वर्षांची बाई, कानापाशी दोन-तीन पांढरे केस, माझ्याकडे अगदी नीट, कसलाही राग न ठेवता बघत होती. आणि मला कळलं की मला जे सांगायचंय ते हिला नाही, कागदापाशी वाकलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलीला सांगायचंय, आणि तिच्यापर्यंत आता मला जाता येत नाही.

“घ्या,” चिसातो म्हणाली आणि अर्धं संत्र माझ्यापुढे ठेवलं.

मी ते खाल्लं. “रस्त्यावर बर्फ फार असेल ना तुमच्याकडे?” मी विचारलं.

“असतं,” ती म्हणाली, आणि मला चाकांना साखळ्या कशा बांधतात ते सांगू लागली.